ओळ एकशे चौऱ्याऐंशी

चंद्रपूर
४ नोव्हेंबर २०२४

श्री. शहबाज शेख यांस,

आपली ओळख नाही. श्रीहरी सरांच्या कंपनीत तुमच्या जागेवर मी गेल्या महिन्यात लागले. तुमचा जुना नंबर बंद आहे. ऑफिसच्या फायलीत गडचांदूरचा पत्ता सापडला, म्हणून हे पत्र.

सर्पदंशाच्या इंजेक्शनचा प्रोग्राम आता माझ्याकडे आहे. मला जेवढा कळला तेवढा लिहिते, चुकलं तर सांगा. एका संस्थेची जंगलभागात एकेचाळीस औषधकेंद्रं आहेत. रोज सकाळी आठला प्रत्येक केंद्रावरची बाई फोनवरून एक शब्द पाठवते. इंजेक्शन शिल्लक असेल तर ‘हो’, नसेल तर ‘नाही’. प्रोग्राम तो शब्द वाचतो आणि यादीत त्या केंद्रापुढे हिरवा किंवा लाल ठिपका लावतो. कुणाला साप चावला की गाडीचा ड्रायव्हर यादी बघतो आणि जवळच्या हिरव्या ठिपक्याकडे गाडी नेतो. यादीवर त्याचा पूर्ण भरवसा असतो, कारण केंद्रांवर फोन लागत नाही. सकाळी नाल्यापर्यंत चालत जाऊन निरोप पाठवतात, असं ऐकलं.

माझा प्रश्न ओळ १८४ बद्दल आहे. शब्द तपासण्याच्या भागाला तुम्ही ट्राय आणि एक्सेप्टमध्ये घातलं आहे. एक्सेप्टच्या खाली एकच शब्द आहे, पास. त्याच्या वर तुमचा शेरा आहे: ‘नंतर बघू’.

काय बघायचं होतं?

मी पुण्याची. इकडचं काही माहीत नाई, म्हणून विचारते. फोनपेक्षा लिहून कळवलंत तर बरं. फायलीला लावता येईल.

दिव्यानी


गडचांदूर
१४ नोव्हेंबर २०२४

दिव्यानी मॅडम,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

मी आता ते काम करत नाही. वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, तिथे बसतो. विहिरीवरच्या मोटारी, पंखे, मिक्सर. इथल्या सिमेंट कारखान्यांची धूळ सगळ्यांत शिरते, त्यामुळे काम संपत नाही.

प्रोग्राम तुम्ही बरोबर समजला आहात. ओळ १८४ बद्दल सांगतो. प्रोग्रामला न कळणारा शब्द आला की तो चूक उभी करतो. ती कुणी झेलली नाही तर तो तिथेच थांबतो आणि कुठल्या ओळीवर, कशामुळे थांबला ते छापतो. एक्सेप्ट म्हणजे झेलणं. झेलल्यावर काहीतरी करायचं असतं. नोंद करायची, कुणाला तरी कळवायचं. पास म्हणजे झेललं आणि खिशात टाकलं. प्रोग्राम पुढच्या केंद्राकडे जातो. ज्या केंद्राचा शब्द कळला नाही त्याच्यापुढे कालचा ठिपका तसाच राहतो. काल हिरवा असेल तर आजही हिरवा.

आमच्याकडे गिऱ्हाईक येतात आणि म्हणतात, फ्यूज सारखा उडून राह्यला, जाड तार टाकून द्या. माझे वडील नूर मोहम्मद, ते टाकत नाहीत. त्यांचं म्हणणं, फ्यूज उडला तर घर अंधारात बसते, तार टाकली तर घर जळते. मी ती तार टाकली होती, असं समजा. तात्पुरती होती. काढायची राहिली.

तुम्ही ती काढून टाका. ट्राय, एक्सेप्ट, पास, तिन्ही. प्रोग्राम थांबू द्या. थांबला की खाली लांबलचक मजकूर येईल, त्याला घाबरू नका. तो खालून वर वाचायचा असतो. शेवटच्या ओळीत काय झालं ते असतं. का झालं ते वर वर जात सापडतं.

या भाषेचं नाव अजगरावरून आहे असं मी एकदा अब्बांना सांगितलं होतं. ते म्हणाले, सापाच्या औषधावर अजगर बसवला काय रे तुम्ही. तेव्हा हसलो होतो.

अजून काही विचारायचं असेल तर विचारा.

शहबाज नूर मोहम्मद शेख


चंद्रपूर
२५ नोव्हेंबर २०२४

श्री. शहबाज शेख यांस,

उत्तराबद्दल आभार. ओळी मी अजून काढलेल्या नाहीत. आधी त्यांनी काय काय गिळलं ते बघायचं ठरवलं.

पासमुळे नोंद राहत नाही, हे खरं. पण येणारा प्रत्येक निरोप तपासायच्या आधी एका वेगळ्या फायलीत जसाच्या तसा साठतो. ती फाइल तुम्हीच केली असणार. विसरला असाल. मी ती उघडली आणि यादीशी ताडून पाहिली. पहिल्या अकरा महिन्यांतच त्रेसष्ट निरोप असे निघाले जे आले, पण यादीत चढले नाहीत. ‘नाय’. ‘सरलं’. ‘कालच सरलं’. सिरोंच्याकडून एकदा ‘लेदु’, तेलुगूतलं नाही. भामरागडच्या बाजूनं चार वेळा ‘हिल्ले’. गोंडीत त्याचा अर्थ नाही असा होतो, हे मी विचारून घेतलं. त्रेसष्टातला एकही हो नव्हता. ‘हो’ सगळ्यांना सारखाच लिहिता येतो.

आठ ऑगस्ट २०२३. केंद्र २३, एटापल्ली तालुका. तिथल्या सुकरीबाईंनी सकाळी आठ वाजून चार मिनिटांनी ‘नाई’ असं पाठवलं. त्यांच्या नोकरीत इंजेक्शन नाही असं कळवायची ती पहिली वेळ होती. आदल्या दिवशीचा त्यांचा शब्द हो होता. ठिपका हिरवाच राहिला.

त्या दुपारी धानाची रोवणी चालू असताना धुऱ्यावर घोणस चावलेला एक माणूस मुखरू नावाच्या ड्रायव्हरनं केंद्र २३ ला नेला. नऊ किलोमीटर. तिथला फ्रीज रिकामा होता. तालुक्याचा दवाखाना उलट्या दिशेला होता, एकतीस किलोमीटर. तो माणूस वाटेत नाल्याजवळच दगावला. लटारू नाव होतं.

चौकशीचा अहवाल फायलीत आहे. एक पान. ‘केंद्र सेविकेने विहित नमुन्यात माहिती पाठवली नाही.’ सुकरीबाईंना कामावरून काढलं. त्या आता उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फडीवर मजुरीला जातात असं कळलं. प्रोग्रामचा अहवालात उल्लेख नाही.

माझे दोन प्रश्न. त्या तीन ओळी कुणाच्या सांगण्यावरून घातल्या? आणि घातल्या तेव्हा लोक ‘नाही’ सोडून दुसरं काही लिहितात, हे तुम्हाला माहीत होतं का?

पहिल्या पत्रात तुम्ही ‘काढायची राहिली’ असं लिहिलंत. कुणी काढायची राहिली ते लिहिलं नाहीत.

दिव्यानी


गडचांदूर
९ जानेवारी २०२५

दिव्यानी मॅडम,

उशीर झाला. मधे एटापल्लीकडे गेलो होतो, कामानं. आल्यावरही लगेच लिहिलं नाही.

तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं.

प्रोग्राम मी आधी नीट लिहिला होता. न कळणारा शब्द आला की तो थांबायचा. सप्टेंबर २०२२ मध्ये संस्थेचे लोक तो बघायला येणार होते. श्रीहरी सरांनी मोठा पडदा लावला, खुर्च्या मांडल्या, समोसे मागवले. आम्ही आदल्या दिवशी रंगीत तालीम केली. केंद्र ७ च्या निरोपावर प्रोग्राम थांबला आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. ते म्हणाले, “उद्या या पडद्यावर लाल दिसलं नाही पाहिजे. काय करायचं ते कर.” मी विचारलं, केंद्रवाल्यांना फोन करून शब्द नक्की करून घेऊ का, दोन दिवस लागतील. ते म्हणाले, “लोक उद्या येऊन राह्यले, तू दोन दिवस मागून राह्यला.”

मी तीन ओळी घातल्या. दोन मिनिटं लागली. शेरा लिहिला. दुसऱ्या दिवशी एकेचाळीसच्या एकेचाळीस केंद्रांपुढे ठिपके होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर त्या ओळी काढा असं कुणी म्हटलं नाही आणि मीही काढल्या नाहीत. सरांनी लाल नको म्हटलं. पास मी लिहिला. दुसरे दहा मार्ग होते.

दुसरा प्रश्न. हो, माहीत होतं. केंद्र ७ चा शब्द ‘नाय’ होता. तो मी पडद्यावर वाचला होता. त्याचा अर्थ मला कळला होता. तिथे बसलेल्या सगळ्यांना कळला होता. फक्त प्रोग्रामला कळला नव्हता.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, ती सांगतो. घरी आम्ही नाई म्हणतो. अब्बा म्हणतात, मी म्हणतो, माझी बहीण शिरीन म्हणते. पाचवीत मी निबंधात नाई लिहिलं होतं. मास्तरांनी वही उंच धरून वर्गाला विचारलं, नाई म्हणजे कोण रे, दाढी करणारा? वर्ग हसला. त्यानंतर मी कागदावर नाई कधी लिहिलं नाही. प्रोग्राममध्येही दोनच शब्द घातले, हो आणि नाही. तपासताना माझ्याच हातानं हो आणि नाही टाइप करून पाहिलं. दोन्ही चालले.

कंपनी का सोडली ते तुम्ही विचारलं नाही. ते लिहीत नाही.

खाली सही केली आहे. हे पत्र कुणालाही दाखवायला माझी हरकत नाही.

शहबाज नूर मोहम्मद शेख


चंद्रपूर
१८ जानेवारी २०२५

शहबाज,

तुझं पत्र ज्या दिवशी आलं त्याच दिवशी आईचा फोन आला. ती आठवड्यातून एकदा टेकडीवर चढून फोन लावते. म्हणाली, डिसेंबरात गडचांदूरचा एक पोरगा आला होता, मोटारी दुरुस्त करत गावोगाव हिंडतो म्हणाला. विहिरीवरची मोटर दोन महिने बंद पडली होती, ती त्यानं अंगणात बसून नीट करून दिली. काही घेतलं नाही. तुझ्या बाबाच्या फोटोकडे पाहून हात जोडले. “लई गुणाचा पोरगा हाय, दिव्यानी. मी त्याले तुह्या बाबाचं सारं सांगतलं. मान खाली घालून आयकत होता. चहा देल्ला, अजून घे म्हटलं तर नाई म्हणे.”

नाव विचारलंस का, मी म्हटलं. तिनं तुझं नाव सांगितलं.

मी पुण्याची नाही. लटारूची मुलगी आहे. चंद्रपूरला कॉम्प्युटर शिकले, पुण्यात दोन वर्षं नोकरी केली. बाबा गेले तेव्हा मी तिथेच होते. अहवालाची प्रत आईकडे आली, तिला ती वाचता आली नाही, मला आली. ‘विहित नमुना’ वाचलं आणि कळलं की यामागे कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम आहे. मग ही नोकरी शोधली. मुलाखतीत पूर्ण नाव सांगितलं. श्रीहरी सरांनी अर्जावर वडिलांचं नाव वाचलं आणि पान उलटलं. ओळखलं नाही. मला पहिल्याच दिवशी बाहेर काढतील असं वाटलं होतं. त्यांनी टेबल दाखवलं.

पत्रं मी यासाठी लिहिली की तुझ्या हातची सही हवी होती. ती मिळाली. चारही पत्रांच्या प्रती संस्थेकडे गेल्या आहेत. तू हरकत नाही लिहिलंस. तू हरकत घेतली असतीस तरी गेल्या असत्या.

तू म्हणालास खालून वर वाचायचं. वाचते.

लटारू मेला.
कारण मुखरू नऊ किलोमीटर चुकीच्या बाजूला गेला.
कारण ठिपका हिरवा होता.
कारण सुकरीबाईंचा शब्द खिशात गेला.
कारण ओळ १८४.
कारण पडदा, खुर्च्या, समोसे.

ओळ १८४ पर्यंत मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, समोसे तुझ्या पत्रानं सांगितले. सगळ्यात वरची ओळ आता कळली. तू माझ्या आईच्या अंगणात बसलास. तिनं तुला सगळं सांगितलं. बाबांचा पाय कसा सुजला, नाल्याजवळ त्यांनी पाणी कसं मागितलं. तुझ्या तोंडात उत्तर होतं. तू चहा प्यायलास आणि उठलास. तिथेही तू पासच लिहिलंस.

शाळेत पास हा शब्द मला आवडायचा.

आता तू परत जायचंस. मोटर, हत्यारं, काही न घेता. आईला सांगायचं की तू कोण आणि काय केलंस. तिला कळेल अशा बोलीत. ती काय म्हणेल ते मला माहीत नाही. ते तू मला लिहून पाठवायचंस, एक शब्द न गाळता. मी तिला आधी काही सांगणार नाही. ती अजून तुला गुणाचा म्हणते आहे. ते मला दर फोनला ऐकून घ्यावं लागतं, आणि त्याचाही हिशेब तुझ्याच नावावर.

दिव्यानी लटारू मडावी


गडचांदूर
४ फेब्रुवारी २०२५

दिव्यानीताई,

तीस जानेवारीला गेलो. एक शब्द न गाळता लिहितो.

दुपार होती. तुमची आई, वच्छलाबाई, अंगणात मिरची वाळत घालत होत्या. मला पाहून म्हणाल्या, “आला का बापू, मोटर मस्त चालू हाय.” बाज ओढून दिली. मी बसलो नाही. म्हटलं, काकू, मोटरचं नाई, दुसरं सांगायचं हाय. त्या हातातली मिरची खाली ठेवून उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, त्या दिवशी सुकरीबाईनं सकाळीच ‘नाई’ म्हणून लिहून पाठवलं होतं. त्यायची काही चूक नाई. चंद्रपूरले एक मशीन होती, ती सगळ्यायचे निरोप वाचे. त्या मशीनले ‘नाही’ समजे, ‘नाई’ समजत नव्हतं. आणि जे समजत नाई ते कोणाले न सांगता गिळून टाक, असं मी तिले शिकवून ठेवलं होतं. म्हणून मुखरूभाऊले ठिपका हिरवा दिसला. ती मशीन मी लिहिली. मांगच्या वेळेस आलो तवाच सांगायचं होतं. तोंड उघडलं नाई.

मला वाटलं त्यांना मशीनचं कळलं नसेल, म्हणून परत सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला.

“समजलं मले. तुया घरी काय म्हणतेत? नाई का नाही?”

मी म्हटलं, नाई.

“मंग तू कोणासाठी लिवत होता?”



मग त्या म्हणाल्या, “मोटर काढून ने.” मी म्हटलं, काकू, वावरातल्या मिरचीले पाणी लागते, वाळून जाईल. म्हणाल्या, “वाळू दे. तुया हातची मोटर मले नाई पायजे. तिचा आवाज आला का मले वाटे, चांगलं मानूस हाय दुनियेत.”

हत्यारं नेऊ नको असं तुम्ही लिहिलं होतं. शेजारच्या कोलूभाऊंकडून पाना मागून आणला. मोटर विहिरीतून काढली. मी वर आलो तेव्हा त्या उन्हात उभ्या होत्या. पाणी विचारलं नाही. निघताना मागून एवढंच म्हणाल्या, “कपबशी फोडली मी आत्ताच. तू पेला होता ती.” फुटल्याचा आवाज मी विहिरीतून ऐकला होता.

मोटर बसमध्ये मांडीवर घेऊन आणली. अब्बांनी ती उघडून पाहिली. म्हणाले, ही तर जळली नाई, काऊन आणली? मी त्यांना सगळं सांगितलं. दीड वर्षात पहिल्यांदा. त्यांनी खडूनं मोटरवर तुमच्या आईचं नाव लिहिलं आणि दुकानात अगदी समोरच्या फळीवर ठेवली. गिऱ्हाईक विचारतात, ही विकायची आहे का. अब्बा माझ्याकडे बोट दाखवतात. म्हणतात, याले विचारा, कोणाची हाय ते हाच सांगन. दिवसातून तीन-चारदा सांगावं लागतं.

आता दोन गोष्टी. अहवालाची प्रत २०२३ च्या ऑगस्टातच ऑफिसला आली तेव्हा मीच पाकीट उघडलं होतं. तुमच्या वडिलांचं नाव आणि गाव मी त्या दिवशी वाचलं. दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. सरांनी कारण विचारलं तर घरचं काम आहे म्हणालो. ओळ १८४ तशीच ठेवून आलो. सुकरीबाईंना काढलं तेही तेव्हाच वाचलं होतं.

दुसरी. तुम्ही पुण्याच्या नाहीत हे मला पहिल्याच पत्रात कळलं होतं. मी पुण्याची, इकडचं काही माहीत नाई, असं लिहिलं होतं तुम्ही. पुण्याचं माणूस ‘नाही’ हा शब्द असा लिहीत नाही. दुसऱ्या पत्रात तुम्ही धुऱ्यावर लिहिलं, बांधावर नाही. अहवालात नुसतं शेतात आहे. डिसेंबरात तुमच्या आईनं मुलीचं नाव सांगितलं तेव्हा खात्री झाली. नाई मला या वेळेस बरोबर वाचता आला. म्हणून जे विचारलं त्याचं खरं उत्तर लिहिलं. तुम्ही सापळा लावला असं समजू नका, मी उघड्या डोळ्यांनी आलो. त्यानं माझी बाजू हलकी होत नाही, हेही कळतं.

माझा नवा नंबर खाली लिहिला आहे. अजून कुणाकडे नाही. प्रोग्राम आता जेव्हा थांबेल तेव्हा मला कळायला हवं. बाकी जे करायचं ते करा.

शहबाज


चंद्रपूर
११ मार्च २०२५

शहबाज,

पत्र आईला फोनवर वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाहीस असं ती म्हणाली.

तू सापळ्यात उघड्या डोळ्यांनी आलास असं लिहिलंस. ते पान मी तिला वाचून दाखवलं नाही. ते तुझ्या उपयोगाचं आहे, तिच्या नाही.

नऊ दिवस तिनं मिरचीला घागरीनं पाणी घातलं. दहाव्या दिवशी आलापल्लीहून दुसरी मोटर आणली. जुनी तुझ्याकडेच राहू दे. फळीवरून काढू नकोस.

संस्थेनं चौकशी पुन्हा उघडली. जुन्या अहवालातलं ते वाक्य खोडलं गेलं. सुकरीबाई काल सोमवारपासून केंद्र २३ वर परत आल्या. श्रीहरी सरांनी सांगितलं की प्रोग्राम एका सोडून गेलेल्या मुलानं लिहिला. मग त्यांच्यासमोर तुझं जानेवारीचं पत्र ठेवलं गेलं, समोशांसकट. चौकशी संपेपर्यंत प्रोग्रामला हात लावायची त्यांना मनाई आहे. मला आहे परवानगी.

तर मी केलेलं काम ऐक. तुझ्या तीन ओळी काढल्या. शेरा ठेवला. ‘नंतर बघू’च्या खाली आठ ऑगस्टची तारीख घातली. कळणाऱ्या शब्दांत नाई, नाय, सरलं, हिल्ले, लेदु घातले. काल सुकरीबाईंचा पहिला निरोप आला, नाई. ठिपका लाल झाला. अर्ध्या तासात तिकडे इंजेक्शन घेऊन गाडी निघाली. मुखरूभाऊच होते गाडीवर.

यांशिवाय एखादा शब्द आला तर प्रोग्राम थांबतो, चूक उभी करतो आणि तीन फोनवर कळवतो. तुला माहीत आहे, या भाषेत आपण केलेल्या चुकीला आपण नाव देऊ शकतो. मी दिलं. लटारू. निरोप असा येतो: ‘लटारू. केंद्र अमुक. ओळ १८४.’ केंद्राचा खरा शब्द कळेपर्यंत तो दर पाच मिनिटांनी परत येतो. वाजणं थांबवायचं असेल तर प्रत्येक वेळी फोनवर नाव पूर्ण टाइप करावं लागतं. काना, उकार, ऱ्हस्व-दीर्घ, काही चुकलं तर चालत नाही. विहित नमुना आहे.

शनिवारी चाचणी घेतली. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. फोन माझ्यासमोर धरून म्हणाले, “हे लटारू काय आहे?” मी म्हटलं, चुकीचं नाव आहे, सर. प्रत्येक चुकीला नाव द्यावं लागतं. ते म्हणाले, “विचित्र नाव आहे, बदल.” मी म्हटलं, चौकशी संपेपर्यंत तुमच्या सांगण्यावरून बदलता येणार नाही. फोन पुन्हा वाजला. त्यांनी टाइप केलं. पहिल्यांदा रु ऱ्हस्व लिहिला. पुन्हा वाजला. त्यांना अजूनही आठवलेलं नाही. मी सांगणार नाही. आणखी किती वेळा लिहिल्यावर आठवतं ते बघायचं आहे. माझ्याकडे वेळ आहे.

दुसरा फोन माझा. तिसरा नंबर तू दिलेला.

एकेचाळीस केंद्रं आहेत. नव्या बाया लागतात, नवे शब्द येतात. आठवड्यातून दोनदा तरी थांबेल. दुकानात गिऱ्हाईक असेल, हातात तार असेल, जेवत असशील. फोन वाजेल. हात पूस, नाव लिही.

न लिहिता तो बंद होत नाई.

दिव्यानी